संगणकाचे द्वार उघडत नाही तेव्हा

२०१३ सालच्या मार्च महिन्यात उत्तर प्रदेश शासनाने लखनौ येथे बारावीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. या योजनेखाली राज्यात अशी सुमारे १५ लाख यंत्रे वाटण्यात आली. इंग्रजी, हिंदी व उर्दू या तीनही भाषांत काम करण्याची सोय त्यांत होती. ज्या असंख्य घरांत हे यंत्र पोहोचले, त्यांपैकी पुष्कळ घरांत तो पहिलाच संगणक होता. तो कसा वापरावा हे सांगणारे वडीलधारे माणूस तेथे नव्हते. मुलानेच शिकावे आणि मुलानेच इतरांना शिकवावे, अशी परिस्थिती होती.

अशा घरात, शाळेत वा ग्रंथालयात एक प्रसंग हमखास उद्भवतो. यंत्र सुरू होते, पडदा उजळतो, नाव दिसते. परंतु पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, टंकल्यावर ‘चुकीचा’ असा शेरा उमटतो. पुन्हा प्रयत्न केला तरी तोच शेरा. काल ज्या शब्दाने दार उघडले, त्याच शब्दाने आज ते का उघडू नये? अशा वेळी मनुष्य गोंधळतो आणि त्या गोंधळात दोन मोठ्या चुका करतो. एक तर तो यंत्र पुसून नव्याने सिद्ध करून घेतो व वर्षभराचे काम गमावतो. नाही तर कोणा अपरिचिताच्या हाती सर्व किल्ल्या सोपवतो. वस्तुतः बहुतेक प्रसंगी या दोहोंची आवश्यकता नसते. दार का उघडत नाही याची कारणे थोडी आहेत, आणि ती क्रमाने तपासता येतात. तो क्रम समजावून देणे हाच या पुस्तिकेचा हेतू आहे.

परवलीचा शब्द आला कोठून?

किल्ल्याच्या पहारेकऱ्याने रात्री येणाऱ्यास परवलीचा शब्द विचारावा, ही रीत जुनी आहे. संगणकावर ती आली १९६०च्या दशकाच्या आरंभी. त्यापूर्वी एका वेळी एकच मनुष्य संगणक वापरीत असे. त्यामुळे ‘आपण कोण?’ हा प्रश्न यंत्राने विचारण्याचे कारण नव्हते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत फर्नांडो कोर्बातो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल अशी व्यवस्था रचली व १९६१च्या नोव्हेंबरात तिचे प्रात्यक्षिक दाखविले. एका यंत्रावर अनेकांची टिपणे आली, तेव्हा ज्याचे त्याला वेगळे ठेवणे भाग पडले, आणि प्रत्येकाला एक गुप्त शब्द देण्यात आला.

हे सर्व शब्द यंत्रात जसेच्या तसे लिहून ठेवलेले असत. त्यातील धोका १९६६ साली उघड झाला. दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या मजकुरांत दुरुस्ती करीत होते. एकाच्या हाती रोजची सूचना होती, तर दुसऱ्याच्या हाती परवलीच्या शब्दांची यादी. यंत्राने दोन्ही तात्पुरत्या मजकुरांना एकच नाव दिल्यामुळे त्यांची अदलाबदल झाली, आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला सूचनेऐवजी सर्वांच्या गुप्त शब्दांची यादी वाचावयास मिळाली!

यावर उपाय निघाला तो असा: यंत्राने शब्द मुळी जवळ ठेवूच नये. केंब्रिज विद्यापीठातील रॉजर नीडहॅम यांनी याच दशकात सुचविलेली कल्पना समजण्यास सोपी आहे. गव्हाचे पीठ करता येते; पिठाचे पुन्हा गहू करता येत नाहीत. त्याप्रमाणे शब्दावर गणिताची अशी एक क्रिया करावयाची की तिच्यातून निघालेल्या चिन्हसमूहावरून मूळ शब्द काढता येऊ नये. यंत्र केवळ हे ‘पीठ’ जपून ठेवते. आपण शब्द टंकला की ते त्याचेही पीठ करते आणि दोहोंची तुलना करते. जुळले तर दार उघडते. दोघांनी एकच शब्द निवडला तरी पीठ सारखे दिसू नये म्हणून दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या शब्दात थोडी यादृच्छिक चिन्हे मिसळतात; त्या मिश्रणास संगणकशास्त्रात ‘मीठ’ असेच नाव आहे.

या रचनेतून दोन गोष्टी निष्पन्न होतात, आणि पुढील सर्व विवेचन त्यांवर आधारलेले आहे. पहिली गोष्ट अशी की, आपला शब्द काय होता हे यंत्र आपल्याला सांगू शकत नाही, कारण तो त्यालाच ठाऊक नसतो. दुसरी अशी की, ‘जवळजवळ बरोबर’ असे उत्तर येथे संभवत नाही. एक अक्षर बदलले की पीठ सर्वस्वी निराळे होते. म्हणून यंत्राचा शेरा लहान चुकीला व मोठ्या चुकीला एकच असतो. चूक कोठे आहे हे शोधण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

क्रमाने चालावे

लखनौच्या बड्या इमामबाड्याची ‘भूलभुलैया’ सुप्रसिद्ध आहे. १७८४ साली नबाब असफउद्दौला यांनी दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून ही वास्तू बांधण्यास घेतली. तिच्या वरच्या भागातील अरुंद वाटांत एकसारखी दिसणारी ४८९ दारे असल्याचे सांगतात. समोर येईल त्या दारात शिरणारा तेथे लवकरच वाट चुकतो. आपण कोणत्या वळणावर आहोत हे लक्षात ठेवणारा मात्र सुखरूप बाहेर येतो. संगणकाची गोष्टही अशीच आहे. दिसेल ती कळ दाबण्यापूर्वी आपण कोणत्या वळणावर अडलो आहोत हे ठरविले पाहिजे.

अशी वळणे चार आहेत. यंत्र दारापर्यंत पोहोचते काय? आपण जे टंकले असे समजतो, तेच त्याला मिळते काय? मिळालेला शब्द त्याच खात्याचा आहे काय? आणि शब्द मान्य झाल्यावर आतील खोली सुस्थितीत आहे काय? या प्रश्नांची उत्तरे याच क्रमाने घ्यावीत.

पहिले वळण: दारापर्यंत पोहोचणे

कळ दाबल्यावर यंत्र प्रथम स्वतःचे अवयव तपासते, मग साठवणीच्या तबकडीवरून विंडोज, उबुंटू यांसारखी कार्यप्रणाली स्मृतीत आणते, आणि त्यानंतरच नाव व शब्द विचारते. यंत्र या प्रश्नापर्यंत आलेच नाही, तर परवलीच्या शब्दाचा दोष नाही हे निश्चित समजावे.

याचे मोठे उदाहरण १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या संस्थेच्या संरक्षक प्रणालीने धाडलेल्या एका सदोष सुधारणेमुळे विंडोजवर चालणारी यंत्रे सुरू होताना निळ्या पडद्यावर थबकू लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशा यंत्रांची संख्या सुमारे ८५ लाख होती. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. ही यंत्रे वापरणाऱ्यांचे परवलीचे शब्द बरोबरच होते. पण ते विचारण्यापर्यंत यंत्र येतच नव्हते. उपाय होता तो यंत्र ‘सुरक्षित अवस्थेत’, म्हणजे केवळ अत्यावश्यक भागांसह, सुरू करून सदोष भाग काढून टाकण्याचा. घरच्या यंत्राबाबतही सुरू होताना अडथळा आला, तर प्रथम बाहेरून जोडलेली सर्व साधने काढावीत, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करावे, आणि तेवढ्याने न भागल्यास या सुरक्षित अवस्थेचा आश्रय घ्यावा.

दुसरे वळण: बोट व अक्षर यांतील अंतर

परवलीचा शब्द टंकताना पडद्यावर केवळ ठिपके दिसतात. शेजारच्याने वाचू नये म्हणून केलेली ही योजना आपल्यालाही आपली चूक दिसू देत नाही. म्हणून या वळणावर सर्वांत अधिक काळजीपूर्वक थांबावे.

मोठ्या लिपीची कळ चुकून दाबली गेली की इंग्रजीचे लहान अक्षर मोठे उमटते, आणि यंत्राच्या दृष्टीने ती दोन्ही अक्षरे भिन्न होत. जुन्या लहान यंत्रांत आकड्यांचा वेगळा पट्टा नसतो. अंककळ चालू राहिल्यास उजव्या हाताखालील काही अक्षरांच्या जागी आकडे उमटतात. एखादी कळ धुळीने किंवा सांडलेल्या चहाने अडकलेली असू शकते.

परंतु आपल्या देशात याहून महत्त्वाचे कारण आहे, ते म्हणजे लिपी. देवनागरीसाठी प्रमाण ठरलेला ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने १९८६ साली पुढे आणला व १९९१ साली भारतीय मानक संस्थेने त्यास मानकात स्थान दिले. लखनौजवळच्या कानपूर येथील आय.आय.टी.त भारतीय लिपींसाठी झालेले काम आणि पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने त्याचा केलेला विस्तार, यांमुळे एकाच कळफलकावर अनेक लिपी नांदू लागल्या. ही सोय मोठीच आहे. तथापि दाराशी तीच अडचण होऊ शकते.

समजा, कोणी ‘कमल’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत ठरविला आहे. (हे केवळ उदाहरण, इतका सोपा शब्द कोणी वापरू नये.) के, ए, एम, ए, एल या कळा त्याने दाबल्या. परंतु आदल्या दिवशी मराठी पत्र लिहून झाल्यावर कळफलक देवनागरीतच राहिला असेल, तर इनस्क्रिप्टच्या मांडणीप्रमाणे त्याच कळांतून ‘कोसोत’ अशी अक्षरे उमटतील! पडद्यावर दिसतील ते केवळ ठिपके. बोटे निर्दोष, स्मरण निर्दोष, आणि तरीही दार बंद. उर्दू मांडणी राहिली असेल तर अक्षरे आणखी निराळी. लखनौसारख्या नगरात एका घरात तीन लिपी नांदतात. तेथे ही शक्यता प्रथम विचारात घेतली पाहिजे.

तपासण्याची रीत अशी आहे. प्रवेशाच्या पडद्यावर, सामान्यतः खालच्या कोपऱ्यात, चालू भाषेचे संक्षिप्त नाव दिसते. ते दाबून इंग्रजी निवडावे. विंडोजमध्ये विंडोजची कळ व अंतराची लांब कळ एकत्र दाबली तरी भाषा बदलते. शब्दाच्या चौकटीत डोळ्याचे चित्र असल्यास ते दाबून धरावे, म्हणजे ठिपक्यांऐवजी अक्षरे दिसतात. शेजारी कोणी नसताना हे करावे. कळ निकामी झाल्याची शंका आल्यास सुलभतेच्या चिन्हातून पडद्यावरचा कळफलक उघडून त्यावर शब्द टंकावा.

एक सावधगिरी आवश्यक आहे. न तपासता पुनःपुन्हा प्रयत्न करू नये. तर्काने शब्द शोधणाऱ्या चोराला अडविण्यासाठी काही चुकांनंतर यंत्र दार काही काळ बंद ठेवते. विंडोजच्या अलीकडील आवृत्तींत दहा चुकांनंतर दहा मिनिटे, अशी मूळ योजना आहे. त्या काळात बरोबर शब्दही नाकारला जातो. अशा वेळी थांबणे हाच उपाय होय.

तिसरे वळण: शब्द बरोबर, पण कोणत्या खात्याचा?

आजच्या संगणकावर दोन प्रकारची खाती असतात. एक स्थानिक, त्याचे ‘पीठ’ त्याच यंत्रात असते. दुसरे जालावरील, त्याचा निर्णय दूरच्या यंत्रावर होतो आणि एक प्रत आपल्या यंत्रात राहते. शिवाय चार किंवा अधिक अंकांचा छोटा क्रमांक असू शकतो. तो केवळ त्या एका यंत्रापुरता असतो, दुसऱ्या यंत्रावर चालत नाही.

यातून एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण होते. विद्यार्थी मोबाइलवरून आपल्या जालावरील खात्याचा शब्द बदलतो. घरचा संगणक त्या वेळी जालाशी जोडलेला नसतो. त्याला हा बदल कळलेला नाही. तो जुनाच शब्द मागत राहतो. नवा शब्द नाकारला गेला म्हणून विद्यार्थी चकित होतो. संगणक जालाशी जोडावा किंवा एक वेळ जुना शब्द टंकून पाहावा, म्हणजे उलगडा होतो. तसेच अनेकांच्या यंत्रावर पडद्यावर दिसणारे नाव आपलेच आहे ना, हेही पाहून घ्यावे.

घड्याळ हा या वळणावरचा आणखी एक अनपेक्षित घटक आहे. संगणकात एक लहान, नाण्याच्या आकाराचा विद्युत्-घट असतो. वीज बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. काही वर्षांनी तो क्षीण झाला की तारीख मागे पडते. दूरच्या यंत्राशी ओळख पटविताना दोन्ही बाजू वेळ पाहतात. वेळ फार चुकली की ओळख पटत नाही. मोठ्या कार्यालयांतून प्रचलित असलेल्या ‘कर्बेरॉस’ पद्धतीत साधारणतः पाच मिनिटांहून अधिक फरक चालत नाही. मोबाइलवर दर तीस सेकंदांनी बदलणारा क्रमांक वापरत असल्यास त्यालाही बरोबर वेळ लागते. म्हणून पडद्यावरील तारीख एकदा पाहावी. ती चुकलेली असेल, तर स्मरणशक्तीला दोष देऊ नये.

चौथे वळण: दार उघडले, खोली सापडेना

काही वेळा शब्द मान्य होतो, पडदा क्षणभर काळा पडतो आणि पुन्हा प्रवेशाचा पडदा येतो. किंवा आत गेल्यावर आपली कागदपत्रे नाहीशी झाल्यासारखे दिसते. हा परवलीचा दोष नव्हे. यंत्राने आपल्याला ओळखले, परंतु आपले दालन त्याला नीट उघडता आले नाही. साठवणीची तबकडी काठोकाठ भरली असेल तर उबुंटूसारख्या प्रणालीत असे घडते, कारण प्रवेश करताना यंत्राला थोडे लेखन करावे लागते व त्यासाठी जागा उरलेली नसते. विंडोजमध्ये दालनाची नोंद बिघडली तर ते तात्पुरते रिकामे दालन उघडून देते. कागदपत्रे बहुधा तबकडीवर असतातच. तात्पुरत्या दालनात केलेले काम मात्र बाहेर पडताना नष्ट होते, म्हणून तेथे नवे काम करू नये. दुसऱ्या, व्यवस्थापकाच्या खात्याने आत जाऊन प्रथम कागदपत्रांची प्रत घ्यावी, दुरुस्ती त्यानंतर.

शब्द खरोखरच विसरला असेल तर

चारही वळणे तपासूनही शब्द खरोखर विसरल्याचे निश्चित झाले, तरी मार्ग उरतात. जालावरील खाते असेल तर मोबाइलवरून ओळख पटवून नवा शब्द ठरविता येतो. स्थानिक खाते असेल तर पूर्वी नोंदविलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊन, अथवा त्याच यंत्रावरील दुसऱ्या व्यवस्थापकाकडून, तो बदलता येतो.

परंतु एक कुलूप असे आहे की ज्यावर मागाहून उपाय नाही. अनेक नव्या यंत्रांत संपूर्ण तबकडीच सांकेतिक रूपात ठेवलेली असते. यंत्र चोरीस गेले तरी चोराला काही वाचता येऊ नये, हा त्याचा हेतू. विंडोजच्या ‘बिटलॉकर’ पद्धतीत यंत्राच्या अंतर्भागात काही बदल झाल्याचा संशय आला की ते ४८ अंकी पुनःप्राप्ती क्रमांक मागते. २०२४ सालच्या त्या गोंधळात दुरुस्तीस विलंब होण्याचे हेही एक कारण होते. यंत्रे समोर होती, परंतु त्यांचे क्रमांक शोधावे लागत होते. हा क्रमांक सापडला नाही तर तबकडीवरील मजकूर कोणासही, यंत्र बनविणाऱ्यासही, परत मिळविता येत नाही. विद्यार्थ्याचा प्रबंध, शाळेची गुणपत्रके, कुटुंबाची छायाचित्रे, सर्व तेथेच अडकून राहते.

याच हताश क्षणाची फसविणारे वाट पाहत असतात. पडद्यावर अकस्मात एखादा दूरध्वनी क्रमांक झळकतो, किंवा कोणी आपण होऊन दूरध्वनी करून ‘तुमचे यंत्र आम्ही दुरुस्त करतो’ असे सांगतो. खरी यंत्रसंस्था असे करीत नाही. परवलीचा शब्द किंवा मोबाइलवर आलेला क्रमांक कोणासही सांगू नये. फसवणूक झालीच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे.

आधी करावयाची तयारी

रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरकर्त्यांचे ३,२८९ शब्द तपासले होते. त्यांपैकी २,८३१, म्हणजे सुमारे ८६ टक्के, एक तर फार आखूड किंवा शब्दकोशात मिळणारे अथवा तत्सम सहज ओळखता येणारे निघाले. लक्षात राहावा म्हणून लोक सोपा शब्द निवडतात. आणि अवघड निवडला की विसरतात. यावर मधला मार्ग आहे. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द एकत्र जोडून दीर्घ पदावली करावी. ती स्मरणात राहते आणि तर्काने सापडणे कठीण असते.

याखेरीज प्रत्येक घराने व शाळेने चार गोष्टी आजच, दार उघडे असताना, करून ठेवाव्यात. यंत्रावर दुसरे एक व्यवस्थापकाचे खाते असावे व त्याचा शब्द जबाबदार व्यक्तीस ठाऊक असावा. पुनःप्राप्तीचा क्रमांक कागदावर उतरवून तो यंत्रापासून दूर, इतर महत्त्वाच्या कागदपत्रांबरोबर ठेवावा. जालावरील खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे याची खात्री करावी. आणि महत्त्वाच्या मजकुराची एक प्रत दुसऱ्या साधनावर नियमाने घ्यावी. ज्याची प्रत बाहेर आहे, त्याच्या दृष्टीने बंद दार ही केवळ गैरसोय असते. ज्याची नाही, त्याच्या दृष्टीने ती हानी ठरू शकते.

यंत्र आपल्याला ओळखत नाही. ते केवळ आपल्या हातून आलेली अक्षरे जुळतात की नाही हे पाहते. ते रुसत नाही की वैरही धरीत नाही. म्हणून त्याने ‘चुकीचा’ म्हटले की घाबरून जाऊ नये. कळफलकावरून हात काढावा, पडद्याच्या कोपऱ्यातील भाषेचे नाव वाचावे, आणि पहिल्या वळणापासून शांतपणे तपासणीस आरंभ करावा.